एआय फुकटात लेबलं करून देतो, मग कम्युनिकेशन डिझाइन शिकू का?

बारावी झालीय, रत्नागिरीत राहतोस आणि एआय लोगो-पोस्टर फुकटात देत असताना चित्रं-अक्षरांतून माहिती पोचवायला शिकवणाऱ्या या डिझाइनच्या डिग्रीला चार वर्षं घालवू का, असं विचारलंयस. नुसतं चित्र बरं काढता येतं म्हणून जाणार असशील, तर नको जाऊस.

मी कुडाळला लेबलं आणि पॅकिंगची डिझाइनं करते. गेल्या मोसमात एका बचत गटाच्या बायका कोकम आगळाचं लेबल घेऊन आल्या. कुणाच्या तरी मुलाने एआयवर केलेलं, दिसायला झक्कास. पण त्यावर रतांबा, म्हणजे कोकमाचं फळ, नव्हताच, मँगोस्टीन होतं: वर जाड हिरवी टोपी, आत लसणीसारख्या पांढऱ्या पाकळ्या. दोन्ही झाडं गार्सिनिया या एकाच वंशातली, पण मँगोस्टीनचे फोटो ढिगाने असणार, यंत्र तिकडेच जाणार. गटातल्या एक आजी म्हणाल्या, "ह्या खंयचा फळ गो?"

फळ बदलणं सोपं होतं. खरी भानगड निराळीच होती. मुंबईची गिऱ्हाइकं आगळ सरबत समजून नेत, पाणी घालून घोट घेत आणि मग फोन करून भांडत. आगळ म्हणजे रतांब्याच्या सालींना मीठ लावून काढलेला रस. साखरेतलं ते अमृत. दोन्ही लालभडक, दोन्ही एकाच मापाच्या बाटलीत. आपल्याकडे हे पोरासोरांनाही ठाऊक, म्हणून लेबलावर लिहायचं कुणाला सुचलं नाही आणि एआयला कुणी सांगितलं नाही. मी बायकांजवळ बसून फोनवर माणसं नेमकं काय बोलतात ते विचारत गेले. मग "खारट, सोलकढीसाठी" हे शब्द नावाएवढे मोठे केले, फळ काढून टाकलं, त्याजागी सोलकढीची वाटी घातली, आगळाला पांढरं झाकण आणि अमृताला लाल. ते फोन थांबले.

माझ्या दिरांचा छापखाना आहे. "छपाईबरोबर डिझाइन फुकट" हा बोर्ड त्यांच्याकडे कित्येक वर्षं आहे. आता ते म्हणतात, "वहिनी, तुमचं काम मशीनने खाल्लं." भाऊजी, माझ्या कामाची किंमत शून्य तुम्ही केलीत, मशीन नंतर आलं. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक छापखान्याने हेच केलं. त्यामुळे बागायतदाराला वाटतं की पेटीवर आंबा छापला की डिझाइन झालं, मग तो आंबा हापूस असो की लाल गालांचा कुठला परदेशी.

आपण संगणकावर ज्या मंगल फॉन्टमध्ये मराठी वाचत आलो, तो र. कृ. जोशींनी केला. ते पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागात शिकवायचे. वेलांटी, रफार, जोडाक्षर पडद्यावर कसं बसेल याचा विचार कुणीतरी माणसाने आधी केला, म्हणून आज आपण टाइप करतोय. असलं काम शिकायचं असेल तर जरूर जा.

एआय मीही वापरते, रंगांचे नमुने झटपट दाखवायला उत्तम आहे. देवनागरीही आता पूर्वीपेक्षा बरी येते, तरी जोडाक्षरं तपासल्याशिवाय छपाईला देऊ नकोस. आणि कर्ज काढून महागड्या खाजगी कॉलेजात जायचं असेल तर माझा सल्ला बाजूला ठेव. आधी यूसीड (आयआयटीतल्या डिझाइनची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडी या सरकारी डिझाइन संस्थेची परीक्षा दे, मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय बघ.

शिकलास, नाही शिकलास, पहिल्या बिलापासून डिझाइनची रक्कम छपाईपासून वेगळ्या ओळीत लिही. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी ती ओळ खोडू नकोस.