शामा पक्ष्याचा फोटो काढायला सिंधुदुर्गात कधी यावं? मोबाइलवर त्याचा आवाज लावला तर तो समोर येतो का?

येतो. तडक येतो. म्हणूनच लावू नका.

आमची बागायत दोडामार्ग तालुक्यात, तिळारीच्या अंगाला. खालच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागून चिव्याची (बांबूची) बेटं आहेत, तिथे शामाची जोडी असते. लोक नराची लांब शेपूट आणि तांबूस पोट बघायला येतात. खरा शामा ऐकावा तो तिन्हीसांजेला. इतर पक्षी गप्प झाले तरी तो गात असतो, मध्येच दुसऱ्यांच्या नकला घालतो.

माझा मेहुणा पर्यटकांना पक्षी दाखवतो. एका मे महिन्यात कॅमेरेवाल्यांना घेऊन तो आमच्याच व्हाळावर आला, फणसाच्या बुंध्याशी स्पीकर ठेवला आणि कॉल, म्हणजे शामाचा रेकॉर्ड केलेला आवाज, लावला. नर आला, शेपूट उडवत या फांदीवरून त्या फांदीवर, स्पीकरच्या भोवतीच. सगळे खूश, म्हणे काय पोज देतोय! अहो, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो त्याला हुसकायला आला होता. पलीकडे मादी चोचीत किडा धरून बसलेली. ढोलीत पिल्लं, आणि ती आत जाईना. मी जाऊन स्पीकर बंद केला. त्यावरून घरात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

मेहुणा म्हणतो, दोन मिनिटांनी पक्षी मरत नाही. नसेल मरत. पण मागून येणारी प्रत्येक गाडी त्याच झाडाखाली तेच करते. आग्नेय आशियात या गळ्यापायीच शामाला पिंजऱ्यात घालतात. शेवटी २०२२ मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये त्याचं नाव घालावं लागलं. आपल्याकडे तो मोकळा आहे, तर त्याला सुखाने पिल्लं तरी वाढवू द्या.

तुम्ही मार्च-एप्रिलमध्ये या, तेव्हा तो भरपूर गातो. पहाटे किंवा दिवस कलताना पाण्याजवळच्या दाट झाडीत हालचाल न करता बसा. किडे टिपायला तो जमिनीवर उतरतो. उजेड कमीच मिळेल, ती तयारी ठेवा. अभ्यासक गणनेसाठी मोजका कॉल लावतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

आणि गाइड ठरवताना आधी विचारा, स्पीकर आणणार का? ‘शामा हमखास दाखवतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका, मग तो माझा मेहुणा का असेना.