ग्लोव्हज कातडीसाठी, भारासाठी नाहीत

प्रिय सायकलवाली,

सायकलिंग ग्लोव्हज कुठले घेऊ, असं तू विचारलंस. तुझ्या पत्रात तीन जोडांची तुलना आहे: जाड जेलवाला, मधला आणि महागडा. तळहाताच्या गादीतल्या जेलची जाडी मिलिमीटरमध्ये आहे, महागडा जोड अमुक तास टिकला तर तासाला किती पडेल याचं गणितही आहे. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, एक वाक्य: दीड तासानंतर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. अगं, तेवढं एकच वाक्य लिहिलं असतंस तरी पुरलं असतं. बाकीचं गणित बरोबर आहे, पण ते भलत्याच प्रश्नाचं आहे.

आधीच सांगून ठेवतो: ग्लोव्हज कातडीसाठी असतात, भारासाठी नाहीत. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

कुठली बोटं बधिर होतात यावरून कुठली नस दाबली जाते ते कळतं. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू म्हणजे अल्नर नस. कोपर कशावर आपटलं की झिणझिण्या येतात, त्या हिच्याच. ती तळहातात शिरते ती करंगळीच्या बाजूने. तिथे तळहाताच्या अगदी मुळाशी वाटाण्याएवढं हाड बोटाला लागतं. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चाचप, लगेच सापडेल. त्या हाडाच्या आतल्या अंगाने एका अरुंद वाटेतून नस जाते आणि तिच्यावर मांसाचं पांघरूण फारसं नसतं. हँडलवर नेमकी हीच कड टेकते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असतील तर ती मीडियन नस, आणि तिथे बहुधा मनगट मागे मोडून हँडल धरण्याची सवय नडते. तुझं प्रकरण पहिलं आहे.

आता या कडेवर तू जाड जेल ठेवणार. जेल नाहीसं होत नाही, ते दाबाखालून बाजूला सरकतं. पहिली दहा मिनिटं मऊ लागतं. दुकानात हात दाबून बघितल्यावर आवडतं ते याच दहा मिनिटांसाठी. तासाभराने दाबाच्या जागी ते पातळ झालेलं असतं आणि बाजूला फुगवटा आलेला असतो. तो फुगवटा त्या वाटाण्याच्या आतल्या बाजूला आला तर नस अधिकच दाबली जाते. शिवाय मुठीचा घेर वाढतो. ड्रॉप हँडलची (खाली वळलेल्या हँडलची) नळी २३.८ मिमी, तिच्यावर गुंडाळलेली ३ मिमीची टेप म्हणजे आधीच जवळपास ३० मिमी. त्यात आणखी ५ मिमी गादी आली की बोटं कमी वळतात, पकड टिकवायला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो जोर पुन्हा तळहातावरच येतो. तुझे हात लहान आहेत असं तूच लिहिलं आहेस. मग तुला हे दुप्पट लागू.

तेव्हा ग्लोव्हजचं पान बंद कर आणि सायकलकडे जा. हातांवर एवढा भार का येतोय?

पहिली तपासणी फुकट आहे. सपाट, रिकाम्या रस्त्यावर नेहमीच्या जोराने पेडल मारत असताना हात हूडवर (ब्रेक लिव्हरच्या बुडाशी असलेल्या रबरी मुठीवर) ठेव, आणि अंग न हलवता हात हँडलपासून बोटभर वर उचल. दोन-तीन सेकंद धड जागेवर राहिलं तर ठीक. तू पुढे कोसळायला लागलीस, तर तुझं धड हातांनी टेकू देऊन उभं आहे, आणि त्या टेकूला जगातला कुठलाही ग्लोव्ह पुरणार नाही.

कारणं सहसा तीन. सगळ्यात जास्त आढळणारं म्हणजे सॅडलचं, म्हणजे सीटचं, नाक खाली झुकलेलं असणं. फोनमधलं लेव्हल ॲप किंवा साधी लेव्हलपट्टी सॅडलवर लांबीने ठेव, पण आधी सायकल उभी आहे ती जमीन सपाट आहे ना ते बघ. हे कोणी बघत नाही आणि मग आकड्यांवर वाद घालतं. शून्य अंशापासून सुरुवात कर. खालून टोचत असेल तर एक, फार तर दोन अंश नाक खाली. त्याहून जास्त झुकवलंस तर तू घसरगुंडीवर बसल्यासारखी पुढे सरकत राहतेस आणि प्रत्येक पेडलला हातांनी स्वतःला मागे ढकलतेस. 

दुसरं, सॅडल फार पुढे असणं. वजन मागे गेलं की हात हलके होतात, ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते, कारण सॅडल मागे घेतल्यावर हँडल लांब जातं. तरी करून बघ. रेल्सवर (सॅडलखालच्या दोन दांड्यांवर) ५ मिमीच मागे घे, एकदम नको. सॅडल मागे गेलं की पेडलपासूनचं अंतरही वाढतं: दर १ सेंटीमीटरमागे साधारण ३ मिमी. तेवढी सीटपोस्ट (सॅडलखालची नळी) खाली घे, नाहीतर गुडघ्याच्या मागे दुखायला लागेल आणि तू मला शिव्या देशील.

तिसरं, हँडल खाली किंवा लांब असणं. स्टेम म्हणजे हँडलला पुढच्या काट्याच्या नळीशी जोडणारा तुकडा. त्याच्या वर स्पेसर (उंची भरणाऱ्या चकत्या) उरले असतील तर ते खाली घालता येतात. स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल कर, वरची टोपी काढ, स्टेम उचल, स्पेसर खाली घाल, टोपी लाव. आधी टोपीचा बोल्ट, बेअरिंगमधली ढिलाई जाईल इतपतच. मग हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट, स्टेमवर छापलेल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याइतके (बरेचदा तो ५ च्या आसपास असतो). पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलव; खटखट आली तर सगळं सैल करून टोपीपासून पुन्हा. वर स्पेसर उरलेच नसतील तर कमी लांबीचा किंवा जास्त कोनाचा स्टेम. हे मात्र दुकानात, मापं घेऊन.

एका वेळी एकच बदल. जुनी जागा टेपच्या तुकड्याने खूण करून ठेव, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, तेवढाच वेळ चालव. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर बरं का वाटलं ते कधीच कळणार नाही.

लहान हातांसाठी आणखी एक. ब्रेक लिव्हरमध्ये बहुतेक वेळा रीच (लिव्हरचं हँडलपासूनचं अंतर) जुळवायचा छोटा स्क्रू असतो, काही लिव्हरमध्ये रबरी हूड थोडं उलटवल्यावर दिसतो. त्याने लिव्हर हँडलच्या जवळ येतं. बोटं ताणून ब्रेक धरणारा माणूस नकळत तळहाताची बाहेरची कड हूडवर दाबत बसतो, आणि ती कड कुठली ते आता तुला माहीत आहे. जवळ आणल्यावर लिव्हर पूर्ण दाबून बघ: ब्रेक पकडायच्या आधी ते हँडलला टेकता कामा नये.

टायरची हवा. २८ मिमी रुंद टायरमध्ये १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरून रस्त्याचा प्रत्येक खडा मनगटात घ्यायचा आणि मग जेल विकत घ्यायचं, हा उद्योग मला समजत नाही. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, शिफारस नव्हे. मध्यम वजनाच्या माणसाला २८ मिमीवर ७०-७५ पीएसआयपासून सुरुवात करायला हरकत नाही, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी. फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ मिमी टायर घाल. हाताखालचा मऊपणा तिथून येऊ दे, किंवा जाड बार टेपमधून. टेप निदान जागेवरून हलत नाही.

आणि हात हलव! दर पाच-सात मिनिटांनी हूडवरून हँडलच्या वरच्या आडव्या भागावर, तिथून ड्रॉप्सवर, म्हणजे खालच्या वळणावर. कोपर किंचित वाकलेलं ठेव. तासभर एकाच जागी मूठ आवळून बसलीस तर सायकल कितीही नीट बसवलेली असली तरी बोटं बधिर होणारच.

मला कळतं, तुला खरेदीबद्दल विचारायचं होतं आणि मी पान्यांबद्दल बोलतोय. पण ग्लोव्हज कातडीसाठी असतात, भारासाठी नाहीत. आता कातडीबद्दल बोलू.

कातडीची कामं तीन: पडल्यावर तळहात सोलू नये, घामाने पकड निसटू नये, आणि घासून फोड येऊ नयेत. पडताना हात आपोआप पुढे जातो. तळहातातून खडी वेचणं फार वाईट असतं, म्हणून ग्लोव्हज घालच. पण त्या संरक्षणासाठी महाग जोड लागत नाही. धड शिलाईचा कुठलाही चालतो. मनगटाचं हाड मोडण्यापासून ते कुणीच वाचवत नाही, किंमत काहीही असो.

फोडांचं मात्र वेगळं आहे, आणि इथेच पैशाचा प्रश्न खरा सुरू होतो. फोड येतात ते ग्लोव्ह तळहातावर सरकतो म्हणून. फ्रान्समधल्या पॅरिस–रूबे सायकल शर्यतीत पन्नासहून जास्त किलोमीटर दगडी फरसबंदीचे असतात, तिथेही काही व्यावसायिक रायडर उघड्या हातांनी उतरतात. न बसणाऱ्या ग्लोव्हपेक्षा काहीच नसलेलं बरं. म्हणून महाग जोडात तुला विकत घ्यायची आहे ती बेतणी: तळहाताचे तुकडे मुठीच्या वळणाने कापलेले असणं, शिवण पकडीच्या जागी न येणं, तळव्याचं कापड पातळ आणि हँडलला धरून राहणारं असणं. लेदर असेल तर ते हाताच्या आकाराला बसतं पण सैलावतं, आणि धुण्यात जपावं लागतं. सिंथेटिक मायक्रोफायबर कमी बसतं पण धुवायला सोपं. मी स्वतः महाग, पातळ, जवळजवळ बिनगादीचे वापरतो. त्यावर लोक हसतात, गादीसाठी पैसे न देणारा माणूस गादी नसण्याचे पैसे देतो म्हणून. हसोत. माझे पैसे बेतणीला जातात.

माप घेताना हाताची बोटं ढिली ठेवून, अंगठा वगळून, बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवरून मोजपट्टी फिरव. ज्या हाताने लिहितेस तो हात माप. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे ‘माझा साइज मीडियम’ याला अर्थ नाही. दोन मापांच्या मधे पडलीस तर लेदरमध्ये लहान घे, सिंथेटिकमध्ये मोठा. महिलांसाठीच्या जोडांत तळवा सहसा अरुंद असतो, तेही घालून बघ.

दुकानात हात पसरून बघू नकोस. सायकल मागून घे आणि दोन-तीन मिनिटं हूड धर. पसरलेल्या हाताला ग्लोव्ह किंचित तंग वाटला तर चांगलं. मुठीत तळव्यावर कापडाची चुणी पडली तर ठेवून दे, ती चुणीच पुढे फोड आणते. बोटांच्या बेचक्यांत रुतता कामा नये. वेल्क्रो नवा असतानाच पट्टीच्या शेवटापर्यंत ओढावा लागत असेल तर मापच मोठं आहे. गादी असेल तर दोन तुकड्यांत असावी आणि मधली खाच त्या वाटाण्याच्या आतल्या बाजूला यावी. अंगठ्याने दाबून बघ कुठे येते ते. लहान हातात ती बरेचदा भलतीकडेच येते.

अंगठ्याच्या मागे घाम पुसायला टॉवेलचं कापड हवं. बोटांमध्ये काढताना ओढायला टॅब असले तर उत्तम. टचस्क्रीनचे धागे, गाठींवर कार्बनच्या टोप्या, यांना रस्त्यावरच्या सायकलिंगसाठी एक पैसाही देऊ नकोस.

मग तुझ्या तीन जोडांतला कुठला? जाड जेलवाला बाद. उरलेल्या दोनांत, मधला नीट बसत असेल तर तोच, आणि तो दोन जोड घे. घामाने ओला ग्लोव्ह दुसऱ्या दिवशी तसाच घालणं हे फोडांचं आणि कुजलेल्या शिलाईचं निम्मं कारण आहे. आलटून पालटून वापर. मधला बसत नसेल आणि महागडा बसत असेल तर महागडा घे, आणि तासाला किती पडतो हे विसर. पूर्ण बोटांचे थंडी-पावसाचे ग्लोव्हज हा वेगळा हिशेब. तिथे महाग जोडात बरेचदा अस्तर बाहेरच्या थराला जोडलेलं असतं, ओला हात काढताना ते उलटून बाहेर येत नाही. तंग मात्र नकोत. रक्त फिरलं नाही की जाड ग्लोव्हमध्येही बोटं गारठतात.

काढताना बोटांची टोकं ओढू नकोस, मनगटाकडून उलटत आण. शिलाई पहिल्यांदा जाते ती अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, तिथे लक्ष ठेव. धुताना वेल्क्रो बंद, पाणी ३० अंशांपर्यंत, फॅब्रिक सॉफ्टनर नाही, पिळणं नाही, सावलीत वाळवणं. लेदर उन्हात टाकलंस तर कडक होऊन चिरतं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. उतरल्यावर थोड्या वेळात झिणझिण्या गेल्या तर वर लिहिलेलं करत राहा. दुसऱ्या दिवशीही राहिल्या, किंवा बोटं फाकवताना, किल्ली फिरवताना जोर कमी वाटला, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. नसेचा एक फाटा फक्त स्नायूंना जातो, त्यामुळे बधिरपणा नसतानाही हातातला जोर जाऊ शकतो. तेव्हा ‘आता मुंग्या येत नाहीत’ एवढ्यावर समाधान मानू नकोस.

आधी सॅडल, मग बाकीचं. सॅडलचा कोन किती निघाला ते कळव.

तुझा,
हट्टी म्हातारा

ता. क. दोन्ही हात बधिर होतात की एकच, हे तू लिहिलं नाहीस. एकच असेल तर वरचं सगळं करण्याआधी समोर उभी राहून दोन्ही हूड एका उंचीवर आहेत का आणि सारखेच आत वळलेत का ते बघ, आणि मागून सॅडलचं नाक सरळ आहे का ते.