‘ऑल’ म्हणजे नक्की किती? : मदतीची एक ओळ आणि तुझं करिअर

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोडिंगपेक्षा समजावून लिहिणं मला जास्त जमतं. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरताना, बदलांची नोंद करणाऱ्या ‘कमिट’ कमांडला ‘-ए’, म्हणजे ‘ऑल’, हा पर्याय लावूनही नवी फाइल कमिटमध्ये आली नाही. मॅन्युअलमध्ये याचा खुलासा लिहून पाठवावा असं वाटतंय. अशा कामाला नोकरीत किंमत असते का?

उत्तर : असते. टेक्निकल रायटरचं बरंचसं काम असंच असतं. पण मुलाखतीत ‘डॉक्युमेंटेशन सुधारलं’ एवढ्यावर भागत नाही. गोंधळ नेमका कुठे होता, हे सांगता यावं लागतं.

तुझ्याच बाबतीत बघ. मॅन्युअलमध्ये खुलासा आधीच आहे : बदललेल्या आणि डिलीट केलेल्या फाइली आपोआप स्टेज होतात (पुढच्या कमिटसाठी निवडल्या जातात), गिटला न सांगितलेल्या नव्या फाइलींना हात लागत नाही. घोळ आहे तो ‘-एच’ लावल्यावर दिसणाऱ्या छोट्या मदतीत. तिथे ‘बदललेल्या सगळ्या फाइली कमिट करा’ एवढ्याच अर्थाची ओळ आहे. नवी फाइल ‘बदललेली’ धरायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं! शिवाय ही ओळ डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमध्ये नसून कमांडच्या सी कोडमध्ये आहे. (कोडिंग टाळायचं म्हणून या वाटेला येत असशील तर हे लक्षात ठेव.) ती बदलली की तिची सगळी भाषांतरंही पुन्हा तपासावी लागतात, म्हणून एका शब्दाने काम होत असेल तर दुसरा घालू नकोस.

आधी खात्री कर. नव्या रेपॉझिटरीत (गिट सांभाळत असलेल्या फोल्डरमध्ये) दोन फाइली कमिट कर. मग एकीत ओळ वाढव, दुसरी डिलीट कर, तिसरी नवी बनव. ‘-ए’ लावून कमिट कर आणि ‘स्टेटस’ बघ. तिसरी ‘अनट्रॅक्ड’ (गिटच्या नोंदीत नसलेली) म्हणून तशीच दिसेल. मग मदतीची ओळ बदलून पाठवताना कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणात) हेच थोडक्यात लिही : कोणाचा काय गैरसमज होतो आणि का. शीर्षकात आधी कमांडचं नाव, मग कोलन, मग बदल; शेवटी पूर्णविराम नको. ‘-एस’ लावून सही जोड, गिटच्या प्रकल्पात ती लागतेच. वाटेत सापडलेल्या स्पेलिंगच्या चुका वेगळ्या पॅचमध्ये (पाठवायच्या बदलांच्या संचात).

पुढे मॅन्युअलच्या पानाला हात लावशील तेव्हा अॅस्कीडॉकची (ज्या मांडणी-पद्धतीत ही पानं लिहिली जातात तिची) एक खोड माहीत असू दे. एका पर्यायाखाली दुसरा परिच्छेद जोडताना मध्ये फक्त अधिकचिन्हाची ओळ लागते. ती विसरलीस तर परिच्छेद त्या पर्यायापासून सुटतो किंवा कोडसारखा छापला जातो. नुसता डिफ (जुन्या-नव्या ओळींमधला फरक) वाचून हे सहसा लक्षात येत नाही; पान बिल्ड करूनच बघ.

असे तीन-चार बदल झाले की पोर्टफोलिओत लाव : आधीची ओळ, नंतरची ओळ, कारण. एखादा नाकारला गेला तर तोही ठेव, रिव्ह्यूमधला आक्षेप आणि त्यावरचं तुझं उत्तर यांच्यासकट.