प्रबंध वाचतं कोण?

वाचकांचे प्रश्न
(उत्तरं : विद्यापीठ ग्रंथालयाच्या प्रबंध विभागातले एक निवृत्त सहायक, छत्रपती संभाजीनगर)

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं पीएच.डी.वर आहेत. प्रबंधांच्या कपाटांपाशी माझी २९ वर्षं गेली, म्हणून संपादकांनी गठ्ठा माझ्याकडं सरकवला. मी स्वतः डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. का नाही, ते शेवटच्या उत्तरात येईल.

प्रश्न : आमच्याकडं पेपरात दर आठवड्याला ‘पीएच.डी. प्रदान’ म्हणून फोटो येतो. विषयाचं नाव वाचता वाचता दम लागतो. या प्रबंधांचं पुढं काय होतं? कुणी वाचतं का? — एक निवृत्त एसटी वाहक, माजलगाव

उत्तर : खोटं कशाला बोलू? आमच्याकडं प्रबंध घरी नेता येत नसे. तिथंच बसून वाचायचा आणि नोंदवहीत सही करायची. ती नोंदवही चाळली तर कित्येक प्रबंधांच्या नावापुढं एकही सही नाही. जो मागायचा तो बहुतेक त्याच विषयातला पुढचा विद्यार्थी. तोही आधी शेवटची संदर्भसूची उघडायचा.

पण एक सही माझ्या लक्षात आहे. उन्हाळा होता. पैठणकडचा एक शेळीपालक दारात उभा राहिला. “साहेब, शेळ्या मरायल्यात. इथं कुणीतरी शेळीच्या पोटातल्या जंतावर पुस्तक लिहिलंय म्हणं.” आपल्याकडच्या प्राणिशास्त्राच्या लोकांनी पट्टकृमींवर, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांवर, वर्षानुवर्षं काम केलंय. पोरं पहाटे मटणाच्या दुकानासमोर डबा घेऊन उभी राहतात, आतडी आणतात, त्यातून जंत वेगळे करतात, फॉर्मालिनमध्ये ठेवतात, रंग देऊन काचपट्टीवर चढवतात आणि सूक्ष्मदर्शकात बघून एकेक अवयव हातानं काढतात. हसण्यासारखं वाटेल, पण त्या चित्रांवरून जंताची जात ठरते.

प्रबंध इंग्रजीत होता. तिथल्याच एका विद्यार्थ्याला बसवून आम्ही त्या माणसाला मराठीत समजावलं. पट्टकृमीची अंडी एका शेळीतून थेट दुसरीत जात नाहीत. ती लेंडीतून गवतात पडतात. तिथं मातीत राहणारा, नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाही एवढा एक बारीक किडा ती खातो, आणि शेळी गवताबरोबर तो किडा गिळते. ओल असली की हे किडे गवतावर वर चढतात, म्हणून दव असताना चारायला सोडू नये. एवढं ऐकून तो म्हणाला, “मग आम्ही भल्या सकाळी सोडतो तेच चुकायलं.” औषधासाठी मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. त्याच्या शेळ्या जगल्या की नाही, मला कळलं नाही. नोंदवहीतली सही मात्र मोठी होती, अर्ध्या पानाची.

आता तुम्हाला एवढ्या लांब यायची गरज नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ‘शोधगंगा’ भांडार मोबाइलवर फुकट उघडतं. त्यात प्रबंध प्रकरणवार ठेवलेले असतात. सुरुवात निष्कर्षाच्या प्रकरणापासून करा, मग माहिती कुठून आणि कशी गोळा केली ते प्रकरण बघा. माहितीच्या त्या प्रकरणात गावं, महिने, माणसं दिसली तर प्रबंध पायी चालून लिहिलेला आहे. नुसत्या व्याख्या असतील तर मिटवून टाका. जिल्ह्याचं नाव बदलून तोच विषय दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलेला मी पाहिलाय. फोटो मात्र सगळ्यांचा सारखाच छापून येतो.

प्रश्न : मुलगा भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतोय. विषय ‘फेराइट नॅनोकण’. शेजारणी विचारतात, नेमकं करतो काय? मला सांगता येत नाही. — एक आई, सोनपेठ

उत्तर : ताई, बिनधास्त सांगा, पोरगा पाक करतो.

लोखंडाचा आणि कोबाल्ट, निकेल किंवा जस्ताचा नायट्रेट क्षार पाण्यात विरघळवायचा. त्यात सायट्रिक आम्ल घालायचं आणि आम्लपणा मोडेपर्यंत थेंबथेंब अमोनिया सोडायचा. मग ढवळत ढवळत तापवत राहायचं. पाणी आटतं, द्रावण काकवीसारखं दाट होतं, आणि एका क्षणी फसफसून फुगतं व आपोआप पेट घेतं. मागं राखेसारखी हलकी, काळपट पूड उरते. ती खलात घोटून भट्टीत काही तास भाजायची. ही पूड म्हणजे फेराइट. मग तिच्यावर क्ष-किरण सोडून, आलेखातल्या शिखरांची रुंदी मोजून कणाचा आकार काढतात. तो साधारण २०-३० नॅनोमीटर भरतो. आपला केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, साधारण ८०,००० धरा.

उपयोग काय, असं विचारलं तर लॅपटॉपच्या वायरीवर टोकाजवळ जो जाड गोळा असतो तो दाखवा. त्यात फेराइटच असतं, वायरीतला विजेचा गोंगाट तो अडवतो. कोबाल्टच्या जागी थोडं जस्त टाकलं की चुंबकपणा किती बदलतो, असली मोजमापं मुलगा करत असणार. जस्ताचं प्रमाण थोडं थोडं बदलत पाच-सहा नमुने करायचे, हा या विषयाचा नेहमीचा साचा. अशा प्रबंधांनी एक अख्खं कपाट भरलंय. तेव्हा मुलगा घरी आला की जेवताना एवढंच विचारा : तुझ्या पुडीत आधीच्यापेक्षा वेगळं काय निघालं? नीट सांगता आलं तर गाडी रुळावर आहे. सांगता आलं नाही तरी वाढा त्याला. बिचारा भट्टीपाशी उपाशी बसत असेल.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. ऊसतोड कामगार बायकांच्या ओव्यांवर पीएच.डी. करायची आहे. शाळा आणि लहान मूल सांभाळून जमेल का? शोधनिबंध छापावाच लागतो म्हणतात. — अंबाजोगाई

उत्तर : नियम आधी सांगून टाकतो, ते थोडक्यात संपतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान ३ वर्षं आणि साधारण कमाल ६ वर्षं. महिलांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही आयोगाची अट या नियमांत राहिलेली नाही. तरी तुमच्या विद्यापीठाची स्वतःची नियमावली बघा, आणि ‘आठ दिवसांत छापून देतो’ म्हणणाऱ्या नियतकालिकाला एक रुपयाही देऊ नका.

आता खरी गोष्ट. शिक्षकांच्या सोयीचा वेळ दिवाळीच्या सुट्टीत मिळतो. पण तुमच्या बायका दसरा-दिवाळीनंतर गावात नसतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेली असते. जानेवारीत बीडच्या वाड्यांवर गेलात तर म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. गुढीपाडव्याच्या आसपास गावं पुन्हा भरतात. म्हणजे तुमचं गावातलं काम उन्हाळ्याच्या सुट्टीतच होईल. निदान एक हंगाम तरी फडावर जा. तिथं जातं नसतं. मग ओवी जात्यावाचून म्हटली जाते का? मोळी बांधताना, की पहाटे अंधारात भाकरी थापताना? का म्हटलीच जात नाही, आणि तिची जागा मोबाइलमधल्या गाण्यानं घेतलीय? तुमचा विषय इथं आहे. ‘ओव्यांचा चिकित्सक अभ्यास’ असलं शीर्षक देऊ नका. तसले खंड मी भरपूर पुसलेत, आणि त्यांवर धूळही तशीच बसते.

ओवी म्हणणारीचं नाव तिला विचारूनच छापा. एका प्रबंधात ‘एक अशिक्षित वृद्धा’ एवढ्यावर चाळीस ओव्या उचललेल्या मी पाहिल्यात. राग आला होता तेव्हा, आजही येतो.

प्रश्न : पीएच.डी.ची मौखिकी (तोंडी परीक्षा) मागच्या आठवड्यात झाली. बहिणीच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावाआधी ‘डॉ.’ छापू का? — जिंतूर

उत्तर : विद्यापीठाची अधिसूचना हातात येऊ द्या. लग्न त्याआधी असेल तर पत्रिकेत नुसते ‘भाऊ’ म्हणून झळका.

प्रश्न : ओळखीचा एक जण ठरावीक रक्कम घेऊन प्रबंध लिहून देतो. ‘सगळेच करतात’ म्हणतो. — नाव नको, उदगीर

उत्तर : सगळे करत नाहीत. प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ४० पर्यंत गेलं तर दुरुस्त करून परत द्यावा लागतो, ६० पर्यंत वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि त्यापुढं नोंदणीच रद्द. हा २०१८ चा नियम आहे. साम्य तपासणारं यंत्र चुकवता येतं, हेही तो माणूस तुम्हाला सांगेल. पण मौखिकीला बाहेरचा परीक्षक विचारतो, “पान ११२ वरचा हा तक्ता कसा काढला?” तेव्हा तो माणूस खोलीत नसतो. अशा वेळी कपाळावर आलेला घाम मी दाराबाहेरून पाहिलाय.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद सापडले. संशोधनाला उपयोग होईल का? तुम्ही स्वतः पीएच.डी. का केली नाही? — कंधार

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. मी नोंदणी केली होती. विषय, निजामी राजवटीतली मराठवाड्याची वाचनालयं. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ या निजाम सरकारच्या परिपत्रकामुळं सभा घ्यायलासुद्धा परवानगी लागायची. अशा काळात माणसं पेपर वाचायच्या निमित्तानं कुठं जमत होती, ते शोधायचं होतं. दीड वर्ष कागद जमवले. त्यातले निम्मे उर्दूत, तेही कारकुनाच्या घाईच्या अक्षरात. मोडी मी शिकलो. उर्दूला उद्या म्हणत राहिलो. मग मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण, आणि नोंदणीची मुदत संपली. ज्यांना वाचता येत होतं ते शेजारचे मौलवीसाहेब तोवर गेले होते.

तुमच्या कागदांचा उपयोग नक्की होईल. १९४८ पर्यंत इथला सरकारी कारभार उर्दूत चालला, आणि तो वाचू शकणारे संशोधक थोडे आहेत. गावात जुनी उर्दू वाचणारं कुणी असेल तर याच आठवड्यात त्यांच्याकडं जा, चहा घ्या, ते वाचतील तसं मोबाइलवर रेकॉर्ड करा. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मागच्या बाजूला बऱ्याचदा तारीख किंवा शिक्का असतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. घड्या हलक्या हातानं उलगडा, पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवू नका, आणि मूळ कागद पाहायला मागणाऱ्याला आधी फोटो द्या.