क्लबचं नाव मोठं, पण खेळायला मिळणार का?

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा आहे. कोल्हापुरात तालमीच्या ज्युनिअर फुटबॉल संघात स्ट्रायकर खेळतो. आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली वरची व्यावसायिक लीग) क्लबशिवाय भारतीय संघात घेत नाहीत, असं सगळे सांगतात. एक ओळखीचे गृहस्थ पैसे भरून तशा क्लबच्या अकादमीत घालतो म्हणतात. घालावं का? – एक पालक

उत्तर : वरिष्ठ संघापुरतं लोकांचं म्हणणं बरोबर आहे. तो संघ जवळजवळ पूर्ण आयएसएलमधूनच निवडला जातो, कारण प्रशिक्षकांच्या नजरेसमोर तेच सामने असतात. कुमार गटात मात्र तसं नाही. तुमच्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला. आयएसएल क्लब त्यानंतर आला.

मुलगा स्ट्रायकर आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आयएसएलमध्ये 2021-22 पासून मैदानात एका वेळी चार परदेशी खेळाडू चालतात आणि गोल करण्याची जागा बहुतेक क्लब त्यांनाच देतात. भारतीय स्ट्रायकर मग बाकावर बसतो, नाहीतर विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, ढकलला जातो. 2024 मध्ये भारतीय संघातून निवृत्त झालेल्या स्ट्रायकर सुनील छेत्रीला 2025 मध्ये, चाळिशीत, परत बोलवावं लागलं, त्यामागे हेही मोठं कारण आहे. या वयात मुलाला स्वतःच्या जागेवर नव्वद मिनिटं मिळाली पाहिजेत. क्लब निवडताना आधी हे बघा.

क्लबमुळे संधी हुकतेही. फिफाच्या ठरलेल्या तारखांबाहेर राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडण्याचं बंधन क्लबवर नसतं. 2023 च्या एशियन गेम्सला आयएसएल क्लबांनी बरेच खेळाडू सोडले नाहीत आणि संघ ऐनवेळी जुळवावा लागला.

आता पैशांचं. क्लबच्या नावाने फी घेऊन चालणारी फुटबॉल शाळा वेगळी, चाचणीतून निवडलेला युवा संघ वेगळा. त्या गृहस्थांना विचारा: हा संघ एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) युवा लीगमध्ये कोणत्या वयोगटात उतरतो, गेल्या हंगामात किती सामने झाले, फी भरणाऱ्या बॅचमधली किती मुलं त्यात होती? उत्तर टाळलं तर विषय तिथेच सोडा. पालकांच्या लेखी संमतीशिवाय एजंटाने अल्पवयीन खेळाडूला गाठायचं नाही, असा फिफाचा नियम आहे. 18 वर्षांखालील मुलाचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त नसतो, हेही लक्षात ठेवा.

तोवर दोन कामं करा. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या नोंदीतलं नाव-तारीख जुळवून घ्या. ऐन निवडीच्या वेळी फरक निघाला की दुरुस्तीला वेळ उरत नाही. आणि वायफाकडून (राज्याची फुटबॉल संघटना) सब-ज्युनिअर व ज्युनिअर राज्य संघाच्या चाचण्यांच्या तारखा मिळवा. तालमीत राहूनही राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाण्याची ती वाट आहे आणि तिथे निवड समितीचे लोक येतात.