सेल्फ सर्व्ह कार वॉशमध्ये धुतल्याने गाडीचा रंग खराब होतो का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत आल्यावर नुकतीच एक काळी सेकंडहँड गाडी घेतली, आणि नाणी टाकून आपली आपण धुवायच्या त्या गाळ्यात ती न्यावी की नाही, असा प्रश्न पडलाय. मी डेट्रॉइटजवळ राहतो. इथले अकरा हिवाळे काढलेत आणि माझीही पहिली गाडी काळीच होती. माझं उत्तर असं की तिथल्या पाण्याने रंगाचं सहसा काही बिघडत नाही. वाट लावतो तो भिंतीवर टांगलेला ब्रश.

लांब दांड्याचा, फेस येणारा ब्रश. दिसायला अगदी मऊ. एकदा मी रांगेत होतो आणि पुढे एक पिकअपवाला. त्याच्या चाकांच्या वर, पत्र्याच्या आत, चिखलाचे गोळे चिकटलेले. त्याने त्याच ब्रशने आधी चाकं घासली, मग मागचा हौदा. मध्ये ब्रश हातातून सुटून काँक्रीटवर पडला, तसाच उचलला. वेळ संपली तसा खुंटीला अडकवून निघून गेला. माझी पाळी आली तेव्हा मी सहज ब्रशच्या केसांत बोटं घातली, तर रव्यासारखी वाळू हाताला लागली. आणि तोवर वर्षभर मी तोच ब्रश बॉनेटवर मजेत फिरवत होतो!

आपल्याकडे सोसायटीत सकाळी एका बादलीत आणि एका फडक्यात दहा-बारा गाड्या पुसल्या जातात, तिथेही हेच होतं. फक्त तिथे आपण झोपेत असतो.

नुकसान दिवसा दिसत नाही. रात्री गॅस स्टेशनच्या दिव्याखाली गाडी उभी करा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल गोल रेषा दिसतील. त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. पांढऱ्या गाडीवरही त्या पडतात, पण ती झाकून घेते. काळी गाडी सगळ्यांना सांगत सुटते.

कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे फार तर दोन केसांएवढी. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. चकाकी त्याची आणि उन्हापासून खालच्या रंगाचा बचावही त्याचाच. रेषा याच थरात पडतात, म्हणून पॉलिश करून जातात. पण पॉलिश करणं म्हणजे तोच थर थोडा घासून काढणं. दर दिवाळीला करण्यासारखं ते काम नाही.

आता गन, म्हणजे जोरात पाणी मारायची ती नळी. तिचा दाब 1000 पीएसआयच्या आसपास असतो, आणि आपल्या टायरमध्ये हवा असते 30-35 पीएसआयने. आकडा ऐकून धडकी भरते, पण पाणी पंख्यासारखं पसरून येतं. हातभर अंतर ठेवलं तर धड असलेल्या रंगाला काही होत नाही. जिथे दगड लागून टवका उडालाय किंवा नंतर गॅरेजमध्ये रंग मारलाय, तिथे मात्र सांभाळा. माझ्या मागच्या बंपरला एका बॉडी शॉपने स्वस्तात रंग मारून दिला होता. चिकटलेला किडा निघेना म्हणून मी नोझल चार बोटांवर नेलं आणि क्लिअर कोट उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटून आला. खालचा भाग न घासताच रंग मारला होता, त्याला गन काय करणार? तुमची गाडीही सेकंडहँड आहे, तेव्हा कुठला भाग नंतर रंगवलाय हे आधी बघून ठेवा.

मी काय करतो ते सांगतो. गाडी उन्हात तापलेली असेल तर आधी सावलीत थंड होऊ देतो, नाहीतर साबण आणि पाणी तिथेच वाळून डाग पडतात. मग आधी नुसत्या पाण्याने वरून खाली सगळी धूळ उतरवतो. त्यानंतर साबण, पण गनमधून. ब्रशला हात लावत नाही. शेवटी बटण स्पॉट फ्रीवर. ते क्षार काढलेलं पाणी असतं, वाळल्यावर पांढरे ठिपके राहत नाहीत. पुसायला घरचा स्वच्छ मायक्रोफायबर टॉवेल, तोही न रगडता. गाडी अगदी शोरूमसारखी होत नाही, पातळ मळकट थर राहतो. तो मी महिन्यातून एकदा घरी दोन बादल्या घेऊन काढतो, एक साबणाची आणि एक फडकं खळाळायला.

हिवाळ्यात मात्र रंगाची चिंता जरा बाजूला ठेवा आणि गाडी नियमित धुवा. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे 1200 फुटांवर मिठाची खाण आहे आणि बर्फ वितळवायला इथल्या रस्त्यांवर मीठ सढळ हाताने पडतं. ते टवक्यांतून आणि गाडीच्या पोटाखालून लोखंड खातं. म्हणून गन खाली वाकवून चाकांच्या आतून आणि पोटाखालून मारा. पारा गोठणबिंदूच्या वर गेला की लगेच जाऊन या, रांग असली तरी. आणि धुतल्यावर दारांची रबरं कोरडी करायला विसरू नका. पहिल्या हिवाळ्यात ती गोठली आणि मी चार दिवस मागच्या दारातून शिरून, सीटवरून उडी मारून ऑफिसला गेलोय.