१.१० मोठं की १.९?

आयटीतली मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती पगार, मॅनेजर, नाइट शिफ्ट अशा तक्रारी घेऊन. त्याखाली बरेचदा एकच भीती असते: "एवढी साधी गोष्ट जमली नाही, म्हणजे मी या कामाच्या लायकच नाही." या मुलीचंही तेच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ॲपचं नवं व्हर्जन आलं की जुन्या फोनना कळवायचं, असा सर्व्हरवरचा पायथन कोड तिने लिहिला होता. १.९ पर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतरचं १.१० आलं (व्हर्जनमध्ये बिंदूनंतर नऊच्या पुढे दहा येतात) आणि सूचना जाणंच बंद झालं. तुलना स्ट्रिंगची, म्हणजे आकड्यांची नव्हे तर नुसत्या अक्षरांच्या ओळीची होती. स्ट्रिंगमध्ये डावीकडून एकेक अक्षर बघितलं जातं. बिंदूनंतर '१' विरुद्ध '९' आले की निकाल तिथेच लागतो, १.१० लहान ठरतं, पुढचं शून्य कोणी बघत नाही. सीनियर भर मीटिंगमध्ये म्हणाले, "हे कॉलेजात शिकवतात." त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

मी पूर्वी कोड लिहायचे. म्हणून धीर देण्याआधी विचारलं, "मग दुरुस्ती काय केलीस?"

"फ्लोट केलं, मॅडम."

मला खरी काळजी इथे वाटली. फ्लोट म्हणजे दशांश संख्या. त्यात १.१० म्हणजे १.१च, आणि १.१०.२ आलं तर थेट एरर. मूळ चूक अनेकांच्या हातून होते. ही दुरुस्ती मात्र भीतीपोटी, घाईत झाली होती.

तिला ऑपेराचं सांगितलं. २००९ मध्ये तो ब्राउझर १० वर गेला, तेव्हा काही वेबसाइट फक्त पहिला अंक वाचून त्याला १ समजायला लागल्या. शेवटी ऑपेरा वेबसाइटला स्वतःची ओळख ९.८० अशी देऊ लागला आणि खरा आकडा त्या ओळखीच्या ओळीच्या शेवटी टाकू लागला. ती हसली नाही. "ते मोठे लोक, मॅडम." बरोबर होतं तिचं. दुसऱ्यांच्या फजितीवर मिळालेला दिलासा फार टिकत नाही.

मग कागद घेतला. बिंदूवर तोडायचं, प्रत्येक भाग पूर्णांक करायचा, डावीकडून तुलना करायची. १.१० आणि १.१०.० एकच धरायचे. आणि १.१०.० चं बीटा, म्हणजे आधीचं चाचणी व्हर्जन? ते १.१०.० च्या आधीचं. इथवर आल्यावर तीच म्हणाली, "हे हाताने लिहूच नये." पायथनमध्ये पॅकेजिंग ही लायब्ररी (तयार कोडचा संच) हेच करते. पीएचपी या दुसऱ्या भाषेत व्हर्जन-कंपेअर फंक्शन आयतंच आहे, फक्त ते १.१० ला १.१०.० पेक्षा लहान धरतं. अँड्रॉइडनेही लोकांना दाखवायचं व्हर्जन-नेम आणि तुलनेसाठीचा पूर्णांक व्हर्जन-कोड वेगळे ठेवलेत, ते उगाच नाही.

घरचा अभ्यास दिला: आधी १.९ नि १.१०, १.१० नि १.१०.०, बीटा नि १.१०.० या तीन जोड्यांच्या टेस्ट (निकाल बरोबर येतो का ते तपासणारा कोड) लिही, मग कोड बदल, मग सरांना दाखव. "पुन्हा टोमणा मारला तर?" यावर एकच वाक्य आम्ही मोठ्याने घोटून घेतलं: "सर, कारण हे होतं, पुन्हा झालं तर ही टेस्ट पकडेल."

पुढच्या भेटीत म्हणाली, सरांनी फक्त बीटाचं विचारलं. उत्तर तयार होतं. रिलीजच्या आदल्या रात्री मात्र तिला अजून झोप लागत नाही. त्यावर काम चालू आहे.